अर्ध्यावर लागलेलं दार

तर ओनेलिया आत, अर्हेलिओ बाहेर आणि मधलं दार काही उघडेना, इथवर आलं होतं. मंगळवार, दुपारचे चार. अर्हेलिओनं मूठ दाबून पाहिली, उचलून पाहिली, दाबता दाबता उचलून पाहिली. किल्ली डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, काढून विजारीला पुसली, पुन्हा घातली. दाराला कान लावून ऐकलं. मग दोन पावलं मागे सरून दाराकडे असं पाहिलं, की ते आपणहून शरमेल. दार शरमलं नाही. आतून ओनेलिया म्हणाली, की मूठ उपटून हातात येईल, जरा बेतानं घे.

कोणी म्हणेल, एक दार नाही उघडलं तर माणसानं दुसऱ्या दारानं उतरावं, त्यात काय एवढं. मेख तिथंच होती. गाडी त्रेपन्न सालची. तिला दारं चार, पण मागचं डावं दार अठ्ठ्याण्णव साली उसाच्या बैलगाडीनं आत दाबलेलं. बैल बुजले, गाडीवान पेंगत होता, आणि दांडीचं टोक थेट दारात. अर्हेलिओनं ते ठोकून सरळ केलं, वेल्डिंग करून कायमचं बंद केलं आणि वरून असा निळा रंग दिला की परक्याला कळायचं नाही. पुढं छप्पर खचायला लागलं, तेव्हा त्यानं पुढच्या सीटच्या मागं पाइपांची एक चौकट उभी केली, तळापासून टपापर्यंत. तिच्यातून हात जाई, कोंबडी जाई, माणूस जात नसे. म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्याला बाहेरच्या जगात यायला वाट एकच, मागचं उजवं दार. त्याची काचही निम्मी खाली यायची आणि तिथंच अडून राहायची.

आणि बसलेली कोण, तर ओनेलिया. सहा वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासून तिचा उजवा पाय काठीसारखा सरळ. ती गाडीत शिरायची ती पाठमोरी. आधी बूड टेकायचं, मग सरकत सरकत पाठ पलीकडच्या बंद दाराला लावायची आणि पाय सीटवर लांब सोडायचा. दवाखान्याची गाडी होती, पाच रोग्यांना घेऊन जायची, पण त्या दाटीत हा पाय मावत नसे. म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार अर्हेलिओच तिला काम्पेचुएला गावाहून मान्सानीयो शहरात डायलिसिसला नेई. अकराला सुरू, तीनला संपलं, चारला घराच्या दारात. पुढच्या सीटवर दोन-तीन उतारू घ्यायचे, मागची सीट ओनेलियाची. दोन वर्षं हा नेम चालला होता, आणि डायलिसिसहून आलेलं माणूस म्हणजे पिळून काढलेलं फडकं. त्याला घरी येऊन आडवं व्हायचं असतं, दुसरं काही नको असतं.

हे दार असं का वागलं ते कळायला अर्हेलिओ लेइवा कोण माणूस ते माहीत पाहिजे. ऊसतोड वस्तीवर जन्मला, सहावीपर्यंत शिकला. मास्तर भूगोल शिकवायला लागले की हा खिडकीतून लॉरी पाहत बसायचा. पुढं बावीस वर्षं साखर कारखान्याची लॉरी चालवली. ओनेलिया कारखान्याच्या खानावळीत भात वाढायची. हा तिसऱ्यांदा भात मागायला आला, तेव्हा तिनं विचारलं, की भूक आहे की दुसरं काही. दुसरंच होतं. गाडी त्याला एउसेबिओमामानं दिली. मामा ऊस तोलायच्या काट्यावर होता, मूलबाळ नव्हतं. गाडीच्या किल्ल्या देताना त्यानं एकच शपथ घातली, दारं सांभाळ म्हणून.

बाकी काही सांभाळण्यासारखं उरलंच नव्हतं. इंजिन रशियन लॉरीचं, स्टिअरिंग ट्रॅक्टरचं, ब्रेक कशाचे ते अर्हेलिओला एकट्याला ठाऊक, आणि पेट्रोलची टाकी म्हणजे एक प्लॅस्टिकचा कॅन. मूळची म्हणावीत अशी फक्त दारं. तशी आमच्या बेटावर जुन्या गाडीचा प्रत्येक ड्रायव्हर दाराला जपतो. उतारू बसला आणि दाराला हात घातला की ड्रायव्हरच्या मानेची शीर ताठ होते. कोणी जोरात लावलं, तर ठरलेला टोमणा, घरी फ्रीज नाही का तुमच्या, त्याचं दार कसं लावता. अर्हेलिओ मात्र टोमण्यावर थांबत नसे. तो उतरून, वळसा घालून यायचा आणि दोन्ही तळव्यांनी दार असं आत ढकलायचा, की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये. मागचं उजवं दार तर तो दुसऱ्या कोणाला लावूच देत नसे. एकदा एका नवरीनं, सासूशी काही बिनसलं होतं बिचारीचं, रागाच्या भरात पुढचं दार आपटलं. ह्यानं तिला त्या पांढऱ्या झग्यासकट खाली उतरवलं, तिच्याकडून दार पुन्हा लावून घेतलं आणि मग लग्नाच्या कचेरीत नेलं. ती बाई आज दोन मुलांची आई आहे, पण अर्हेलिओ दिसला की स्वतःच्या घराचं दारसुद्धा हळू लावते.

दार हळू लावायचं, आणि आत धूळ यायला नको म्हणून त्यानं दाराच्या कडेला ट्रकच्या ट्यूबची जाड पट्टी चिकटवलेली. फेब्रुवारीपासून कुलूप चिकटायला लागलं. कधी किल्लीला दोन हिसके, कधी चार. तेल कुठं मिळतंय. मग त्यानं आपल्या डोक्यानं एक उपाय काढला, त्याविषयी कोणाला चकार शब्द बोलला नाही, आणि दर शनिवारी गुपचूप करत राहिला. तो उपाय पुढं येईलच.

तर मंगळवारी पंधरा मिनिटांत सगळी गल्ली जमली. अशा वेळी प्रत्येकाला काहीतरी येत असतं. एकानं सांगितलं की किल्लीला मेणबत्ती चोळ. दुसरा म्हणाला, मेणानं सत्यानाश होतो, पेन्सिलीचं शिसं कुटून घाल. तिसऱ्यानं रॉकेल आणलं. अर्हेलिओनं मेण चोळलं, शिसं कुटलं, रॉकेल ओतलं, मधूनच कोब्रेच्या देवीला एक पिवळं फूल बोलला. दार होतं तिथं होतं. समोरच्या घरची सेनाइदा, शाळेत पोरांचं जेवण करते ती, कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "एवढी वर्षं गोंजारलंस त्याला. आता गाणं म्हणून बघ, ऐकेल कदाचित."

एरवी अर्हेलिओनं उलटून दोन ऐकवली असती. त्या दिवशी त्याला ऐकू आलंय की नाही तेही कळलं नाही.

ऊन सरळ काचेवर येत होतं. गाडी एकदा बंद झाली की धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून सगळ्यांनी मिळून ती ओनेलियासकट बदामाच्या झाडाखाली ढकलली. ती आतून हात हलवत होती, मिरवणुकीतल्या देवीसारखी. बायकांनी पाणी आणलं, चिंचेचं सरबत आणलं, आणि ती प्रत्येकीला सांगत राहिली, की बायांनो, मला मोजून पाणी, आजचं झालं पिऊन. मग ओलं फडकं दिलं, ते तिनं मानेवर घेतलं. कोणा शहाण्यानं सुचवलं, की काच फोडू आणि पाय पुढं करून तिला खिडकीतून ओढून घेऊ, नाहीतरी पाय सरळच आहे.

"मेल्यावर न्या पाय पुढं करून," ओनेलिया म्हणाली. "अजून मी आहे."

हसले सगळे. अर्हेलिओ हसला नाही. तो गाडीभोवती फिरत होता. डावीकडच्या दारापाशी जायचा, आपणच मारलेल्या वेल्डिंगवर बोट फिरवायचा, परत उजवीकडे यायचा. पाइपांच्या चौकटीत हात घालून बायकोच्या कपाळाला हात लावायचा. त्या गाडीत एक खिळा असा नव्हता की जो त्यानं कधी काढून घातला नाही, आणि आता तिच्याच भोवती तो एखाद्या उतारूसारखा घिरट्या घालत होता.

असं त्याला पूर्वी एकदाच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. ह्यानं टोपी काढून विचारलं, की दुसऱ्याचं काढून बसवता येतं का. बाई म्हणाल्या, येतं, पण त्याची यादी आहे. याद्या म्हणजे काय ते अर्हेलिओला चांगलं ठाऊक. तो उठला, टोपी घातली आणि बाहेर येऊन गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला. बिघाड काही नव्हता. अर्धा तास तसाच आत बघत राहिला.

शेवटी सेनाइदाच जाऊन निवाल्दोला घेऊन आली. निवाल्दो कारखान्यातला जुना लेथवाला. कारखाना बंद पडला, लेथ भंगारात गेला, पण निवाल्दोच्या बोटांत तो अजून फिरतो म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला खुर्ची दिली. त्यानं दारावर बोटाची पेरं वाजवली, वर, मध्ये, खाली, आणि कुलपाच्या जागी आल्यावर थांबला. म्हणाला, बाहेरून ह्याला काही होणार नाही, आतला पुठ्ठा काढून पाहायला हवं. म्हणजे जे करायचं ते आत बसलेल्यानं.

आत बसलेली एकच.

ओनेलियाच्या डाव्या हाताला नुकत्याच सुया काढून घट्ट पट्टी बांधलेली. तो हात संध्याकाळपर्यंत जड कामाला लावायचा नाही, हे नर्सनं दर वेळी बजावलेलं. अर्हेलिओ म्हणाला, नको, आपण गॅसकटर मागवू. गॅसकटर दूर बायामोला, आणि तिथून येईपर्यंत उजाडणार. ओनेलियानं उजवा हात पाइपांकडं पसरला आणि म्हणाली, "आण तो स्क्रूड्रायव्हर."

पण ती बसलेली पलीकडच्या दाराला टेकून, आणि काम ह्या दाराशी. पुढं सरकायचं तर तो सरळ पाय मध्ये. थोडा वेळ तिनं विचार केला. मग पाय उचलला आणि अर्ध्या उतरलेल्या काचेवरून, खिडकीबाहेर काढला. अर्हेलिओ धावला. तिची टाच त्यानं आपल्या खांद्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी घोटा धरून उभा राहिला. आता ती सरकून दारापर्यंत आली आणि पुठ्ठ्याचे स्क्रू काढायला लागली. अशी ती दोघं, ती आत काम करतेय आणि हा बाहेर बायकोचा पाय खांद्यावर घेऊन उभा. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं. सेनाइदानं कोणाला तरी सांगितलं, की लग्नाच्या फोटोतसुद्धा हा एवढा सरळ उभा नव्हता.

पुठ्ठा सुटला. निवाल्दोनं खुर्ची खिडकीजवळ ओढली. अर्हेलिओ मान वाकडी करून आत बघायला लागला, तसा निवाल्दो म्हणाला, "कंपाय, गड्या, तू गप पाय धर. काय दिसतंय ते तिला सांगू दे."

ओनेलियानं सांगायला सुरुवात केली. एक तार आहे, मुठीपासून येतेय. बरं, पुढं. तार एका खिटीला बांधलीय. बरं. खिटीच्या खाली एक छोटं चाक आहे, पण नीट दिसत नाही, सगळ्यावर काहीतरी पांढरट लिंपलंय. मेणासारखं. त्यावर लाल माती बसून थर झालाय. तिनं बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि थांबली.

"हा वास ओळखीचा आहे," ती म्हणाली. "हा तर नाताळचा वास."

मग एकेक मान अर्हेलिओकडं वळली. खांद्यावर पाय असल्यामुळं त्याला तोंड लपवायलाही जागा नव्हती. हाच तो उपाय. नाताळला कापलेल्या डुकराची चरबी ओनेलियानं डब्यात भरून ठेवली होती. तिला स्वतःला ती खायची बंदी, म्हणून डबा मागं पडलेला. त्यातली चमचाभर चरबी वितळवून हा दर शनिवारी कुलपात सोडायचा. वितळलेली असताना कुलूप लोण्यासारखं फिरायचं. थंड झाली की गोठायची, आणि उसाच्या रस्त्यावरची सगळी माती तिच्यावर येऊन बसायची.

"कुलपाला तेल देतात, कंपाय," निवाल्दो म्हणाला. "तू त्याला जेवायला घातलंस."

ओनेलिया म्हणाली, डबा का सरतोय म्हणून मी मांजराला मारलं. पण हे ती हसत म्हणाली. मग फडक्यानं चाक पुसलं आणि पुढचं सांगायला लागली. चाकाला दोन दात आहेत. पहिला झिजून आत वळलाय, न कापलेल्या नखासारखा, आणि खिटी त्याच्यातच रुतून बसलीय. दुसरा दात कोरा. त्याच्यावर निळी झाक आहे, नव्या पात्यासारखी.

निवाल्दो खुर्चीत पुढं वाकला. मग त्यानं विचारलं, "कोरा म्हणजे अगदी कोरा? ओरखडासुद्धा नाही?"

"ओरखडा नाही."

तेव्हा त्यानं सांगितलं. पहिला दात असतो तो अर्धवट लागलेलं दार वाटेत उघडू नये म्हणून, तात्पुरता. खरं दार लागतं ते दुसऱ्या दातावर, आणि तिथवर जायला धक्का लागतो. ही कुलपं आपटून लावायलाच केलेली. मामानं आणि भाच्यानं मिळून हे दार आयुष्यात एकदाही पुरतं लावलं नव्हतं. सत्तर वर्षांचं सगळं ओझं एकट्या पहिल्या दातानं वाहिलं, वरून ती ट्यूबची पट्टी, आणि शेवटी तो वाकला.

ज्यांना ज्यांना अर्हेलिओनं गाडीतून उतरवून दार पुन्हा लावायला लावलं होतं, त्यातले निम्मे तिथं उभे होते. कोणी हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही.

उपाय सोपा होता, निवाल्दो म्हणाला. दार बाहेरून एकदा जोरात आत आपटायचं. चाक पुढं सरकेल, खिटी त्या वाकड्या दातातून सुटेल आणि दुसऱ्यावर बसेल. मग मूठ दाबली की उघडेल. हळू ढकलून चालणार नाही, ती पट्टी परत बाहेर लोटते. एक झटका, पण पुरता.

"आणि दात मोडला तर?" अर्हेलिओनं विचारलं.

"मोडला तर तुकडा आत अडकेल. मग दार कापायचं."

कापायचं म्हणजे आजची रात्र ती आत. आणि परवा गुरुवार, गाडी दाराविना. अर्हेलिओचा चेहरा मातीचा झाला. तो म्हणाला, थोडं थांबू या, चरबी रॉकेलनं आणखी धुऊन बघू, कदाचित सुटेल. निवाल्दो म्हणाला, बघ. कोणालाच घाई करावीशी वाटत नव्हती. तेवढ्यात सेनाइदानं आत पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ओनेलिया, तुझी पट्टी."

पुठ्ठा धरायला तिनं डावा हात लावला होता. पट्टीवर कॉफीच्या बीएवढा लाल ठिपका आला होता. बघता बघता तो रुंद झाला. ओनेलियानं त्याच्यावर अंगठा दाबला आणि हात वर धरला, नर्सनं शिकवल्याप्रमाणं. काही नाही, थांबेल, असं ती म्हणाली. पण अर्हेलिओच्या हातात तिचं पाऊल होतं आणि ते गार पडत चाललं होतं. हे त्याला एकट्यालाच कळत होतं.

पाय आत घेतला. ती मागं सरकून पलीकडच्या दाराला टेकली, हात वर, डोळे मिटलेले. अर्हेलिओ दारासमोर उभा राहिला. त्यानं तळवे दारावर टेकले आणि ढकललं. पट्टीनं दार परत लोटलं. जोर करून पुन्हा ढकललं. मधे कुठंतरी, दार आत जाता जाता, हात आपोआप ढिले पडायचे. तीस वर्षांची सवय मनगटात बसलेली, ती काय एका शब्दानं जाते. तिसऱ्यांदाही तसंच झालं. निवाल्दो म्हणाला, मी मारतो, पण खुर्चीतून उठताना त्यालाच दोघांनी धरावं लागलं. सेनाइदा पदर खोचल्यासारखी बाह्या सारून पुढं आली, तर अर्हेलिओनं हात आडवा केला. दुसऱ्याच्या हातून मोडलं असतं तर त्याला आयुष्यभर त्या माणसाकडं बघता आलं नसतं. स्वतःच्या हातून होत नव्हतं. गल्लीतल्या एवढ्या माणसांत तो असा उभा होता, की पाहणाऱ्यानं मान फिरवावी.

तेव्हा आतून ओनेलिया बोलली, डोळे न उघडता. "अर्हेलिओ, एकेचाळीस वर्षांत तू एकदाही माझ्याशी भांडून दार आपटून गेला नाहीस."

"नाही गेलो."

"मग आज जा."

तो दोन पावलं मागं सरला. काय मनात आणलं त्यानं, देवाला ठाऊक. मूत्रपिंडं आणली असतील, यादी आणली असेल. वळला आणि खांदा, कंबर, सगळा देह त्या दारावर घातला. असा आवाज झाला की बदामाच्या झाडावरचे कावळे उठले, अडकलेली काच सुटून दाराच्या पोटात गडप झाली, आणि आत खळकन काहीतरी बसलं. अर्हेलिओ तसाच दाराला चिकटून उभा. मूठ दाबायचा धीर त्याला होईना. निवाल्दोनं खुर्चीतूनच काठी लांब करून मूठ दाबली. दार उघडलं.

चौघांनी ओनेलियाला खुर्चीत बसवून आत नेलं आणि पलंगावर निजवलं. रक्त थांबायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ अर्हेलिओ पट्टीवर अंगठा धरून बसला होता. नंतर सेनाइदानं अंगठा सोडवला, तेव्हा तो आखडून तसाच राहिलेला.

संध्याकाळी निवाल्दोनं कुलूप रॉकेलनं धुतलं. पण वाकलेल्या दाताचं काय. नवं कुलूप अख्ख्या बेटावर शोधून मिळायचं नाही. कानशीनं नवा दात काढायचा तर दिसायला डोळे हवेत, आणि तरी पंधरा दिवस, तोवर गाडी उभी. गाडी उभी राहून भागणार नव्हतं. तेव्हा ठरलं असं, की ट्यूबची पट्टी काढून टाकायची, आणि दार रोज पुरतं आपटून लावायचं, म्हणजे पहिल्या दातावर खिटी थांबणारच नाही. थांबली तर पुन्हा मंगळवार.

गुरुवारी दहा वाजता गाडी घरासमोर उभी होती. ओनेलिया पाठमोरी बसली, सरकली, पाय लांब सोडला. पलीकडच्या दाराला आता उशी लावलेली होती, धक्का पाठीला लागू नये म्हणून. अर्हेलिओनं आत वाकून विचारलं, बसलीस का नीट. ती म्हणाली, मार. त्यानं दाराकडं पाहिलं, मान दुसरीकडं वळवली आणि मारलं. ओनेलियाला ठाऊक असूनही तिचे खांदे दचकले. अर्हेलिओनं खिडकीतून हात घालून तिचा खांदा क्षणभर धरला, मग वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसला.

सेनाइदा शाळेला निघाली होती. ती पुढच्या काचेशी वाकली. थट्टा करायचं तिच्या मनात होतं, पण त्याचं तोंड पाहून आवाज बदलला. तिनं विचारलं, की अर्हेलिओ, दार आपटताना कसं वाटतं रे आता.

अर्हेलिओनं गिअर टाकला, समोर पाहत म्हणाला, "वाटायचंय काय, सेनाइदा. आता बसलीय ती, दार लागलंय. चार वाजता उघडलं म्हणजे मिळवली."